दर्या की दऱ्या : एका बाइटची गोष्ट

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे माझे गाव. बाहेरच्या माणसाला ते माहीत असते ते बहुधा चिंतामणराव देशमुखांमुळे. १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री. या लेखात ते पुन्हा एकदा, जरा अनपेक्षित जागी भेटतील. लेख मात्र त्यांच्यावर नाही. तो माझ्या काकांच्या एका सीडीवर आहे, आणि त्या सीडीतल्या फाइली वाचताना मला जे शिकावे लागले त्यावर.

काका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९९०च्या दशकात सुट्टीच्या दिवशी ते आसपासच्या वाड्यांवर जात आणि म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी याच सुमारास महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे काकांना ठाऊकही नव्हते. त्यांचे काम वह्या, पेन आणि एसटीचा पास एवढ्यावरच चालले होते. निवृत्तीनंतर त्यांनी त्या वह्या महाडातल्या एका डीटीपी करणाऱ्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक काही निघाले नाही. वह्या आणि छापील प्रती महाडच्या बाजारपेठेतल्या एका खोलीत राहिल्या.

२२ जुलै २०२१ रोजी महाडात जे झाले ते सगळ्यांना माहीत आहे. सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, आणि त्याच दिवशी तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. माणसे गेली तिथे कागदांचे दुःख कोण करणार? काका त्याआधीच वारले होते. काही महिन्यांनी नात्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत एक सीडी सापडली. तिच्यावर काकांच्या अक्षरात एकच शब्द होता : ‘ओव्या’.

मी पुण्यात वेबसाइटींचे प्रोग्रॅम लिहितो. मला वाटले, काम एका संध्याकाळचे आहे. ते दीड वर्ष पुरले.

फाइल म्हणजे काय?

संगणकाची कुठलीही फाइल म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची एक लांबलचक रांग. फोटो असो, गाणे असो, सातबारा असो, आत दुसरे काही नसते. या प्रत्येक आकड्याला बाइट म्हणतात. हा शब्द १९५६ मध्ये आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्झ यांनी घडवला. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठ वेळा ‘हो की नाही’; दोनाचा आठवा घात २५६, म्हणून ० ते २५५.

आपण वेबसाइटवर फाइल चढवतो, तेव्हा ब्राउझर ही रांग उचलून पलीकडच्या संगणकाला पाठवतो. अर्जात फाइल जोडून पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये एका टिपणाने ठरवली गेली. ते लिहिणारे दोघे, अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर, झेरॉक्स कंपनीत होते. महाडच्या एसटी स्टँडबाहेर अर्जाला कागद जोडायला आपण ‘झेरॉक्स काढून आणतो’, आणि संगणकावरच्या अर्जाला फाइल जोडण्याची रीतही झेरॉक्सच्याच माणसांनी घालून दिली, याची मला गंमत वाटते. या पद्धतीत अर्जातले प्रत्येक उत्तर आणि प्रत्येक फाइल यांच्यामध्ये एक ठरावीक खुणेची ओळ घातलेली असते. पलीकडचा प्रोग्रॅम बाइटमागून बाइट वाचत ती खूण शोधतो आणि एका फाइलची हद्द कुठे संपली ते ठरवतो.

फाइल हाती आली की पहिला प्रश्न : ही आहे तरी काय? नावावर विश्वास ठेवायचा नसतो. शेवटी ‘जेपीजी’ लिहिले म्हणून काही फोटो होत नाही. नाव कोणीही बदलू शकतो. बैल घेताना माणूस मालकाचे बोलणे ऐकून घेतो आणि मग बैलाचे तोंड उघडून दात बघतो. तसे फाइलचे पहिले काही बाइट बघायचे. जेपीजी फोटोची सुरुवात २५५, २१६, २५५ अशी होते. पीएनजी चित्राची १३७, ८०, ७८, ७१. पीडीएफची ३७, ८०, ६८, ७०. झिप फाइल ८०, ७५ ने सुरू होते. ही ‘पी’ आणि ‘के’ या रोमन अक्षरांची संख्यारूपे, झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. आजची वर्डची फाइलसुद्धा आतून झिपच असते, म्हणून तिच्याही तोंडाशी त्याचीच आद्याक्षरे सापडतात.

काकांच्या सीडीतल्या फाइलींना असे दात नव्हते. त्या साध्या मजकुराच्या फाइली होत्या. त्यांत मथळा नाही, ओळख नाही, थेट पहिल्या अक्षरापासून सुरुवात.

पहिली चूक

गावातल्या आणखी दोघांकडेही जुनी टाइप केलेली कागदपत्रे होती, म्हणून मी एक छोटे वेबपान केले. फाइल चढवा, ते मजकूर दाखवील आणि साठवील. ब्राउझरमध्ये फाइल वाचायचे दोन मार्ग असतात. एक, ‘मजकूर म्हणून वाच’. दुसरा, ‘बाइट म्हणून वाच’, म्हणजे आकड्यांची रांग जशीच्या तशी हातात दे. मी पहिला निवडला. ओव्या म्हणजे मजकूरच ना!

पडद्यावर आले ते काळे चौकट-फुले, प्रत्येकाच्या पोटात प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी. मधूनच एखादे रोमन अक्षर.

झाले होते ते असे. ‘मजकूर म्हणून वाच’ म्हटले की ब्राउझर, दुसरे काही सांगितले नसेल तर, यूटीएफ-८ नावाची आजची रूढ लेखनरीत गृहीत धरतो. त्या रीतीत न बसणारा बाइट दिसला की तो टाकून देतो आणि त्या जागी ‘इथे काहीतरी होते’ असे सांगणारे प्रश्नचिन्ह ठेवतो. या प्रश्नचिन्हाचे स्वतःचे बाइट ठरलेले आहेत : २३९, १९१, १८९. मूळ बाइट १६३ असो की २०१, जागी येतात हेच तीन. आणि माझे पान तेच साठवत होते. म्हणजे क, ख, ग सगळ्यांच्या थडग्यावर एकच दगड. तो उचलून खाली कोण होते हे पुन्हा कधीच सांगता येत नाही.

मूळ सीडी हातात होती म्हणून वाचलो. त्या दिवशी मी स्वतःला एक नियम घालून घेतला : चढवलेली फाइल आधी जशी आली तशी, बाइट न् बाइट, ठेवून द्यायची, अर्थ नंतर लावायचा. जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांना हे नवे नाही. मोडी वाचकसुद्धा मूळ कागदावर पेन्सिल चालवत नाही.

एका गावाचे बारा बाइट

आता यूटीएफ-८ म्हणजे काय ते पाहू, कारण मराठीचा तिच्याशी रोजचा संबंध आहे.

जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देण्याची योजना म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला सलग १२८ जागा मिळाल्या. त्यांची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणकावरून घेतलेली होती. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट पुरत असे. युनिकोडचे क्रमांक मात्र २५५च्या फार पुढे जातात, मग ते बाइटमध्ये बसवायचे कसे? सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ताटाखालच्या कागदावर याचे उत्तर मांडले. तेच यूटीएफ-८.

नियम सोपा आहे. ० ते १२७ पर्यंतचा बाइट एकटाच पूर्ण चिन्ह असतो. रोमन अक्षरे त्यात येतात. १९४ ते २२३ मधला बाइट दोघांच्या जथ्याचा म्होरक्या, २२४ ते २३९ मधला तिघांच्या, आणि २४० ते २४४ मधला चौघांच्या. १२८ ते १९१ मधले सगळे मागून चालणारे. त्यामुळे रांगेत मध्येच कुठेही उतरलात तरी चालते. मागून चालणारा भेटला तर मागे सरकत जा. फार तर तीन पावलांत म्होरक्या सापडतो.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की मात्रा, तीन बाइटचे आहे. ‘नाते’ या शब्दात न, काना, त आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणून बारा बाइट :

न : २२४ १६४ १६८
काना : २२४ १६४ १९०
त : २२४ १६४ १६४
मात्रा : २२४ १६५ १३५

‘पोलादपूर’ रोमनमध्ये ८ बाइटमध्ये बसते, देवनागरीत त्याला २४ लागतात. एखाद्या अर्जात नावासाठी ३० बाइटांचीच जागा ठेवली असेल तर मराठी नाव दहा चिन्हांत तुटते. आडनावाचे शेवटचे अक्षर का खाल्ले जाते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. मोडीला युनिकोडात २०१४ मध्ये जागा मिळाली, पण फार पुढच्या पेठेत. तिचे प्रत्येक चिन्ह चार बाइटचे. बाळबोध तीन, मोडी चार.

आता चिंतामणराव. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेला मराठी मजकूर एखाद्या प्रोग्रॅमने जुन्या पाश्चात्त्य रीतीने, एका बाइटला एक चिन्ह असा वाचला, तर पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची आणि विचित्र चिन्हांची माळ उमटते. ई-मेलमध्ये ती प्रत्येकाने पाहिली असेल. त्या रीतीत १६४ म्हणजे ‘चलन’ या अर्थाचे सर्वसाधारण चिन्ह, चार कोपऱ्यांना चार काड्या फुटलेले वर्तुळ. १६५ म्हणजे जपानी येन. १९० म्हणजे पाऊण. ‘नाते’ असे चुकीचे वाचले तर त्यात चार चलनचिन्हे, एक येन आणि एक पाऊण निघतो. देशाच्या नोटांवर सही करणारा माणूस ज्या गावाने दिला, त्या गावाचे नाव बिघडले तरी त्यातून पैसाच सांडतो! अर्थात हा योगायोग. देवनागरीचे कुठलेही नाव असे बिघडले की चलन किंवा येन निघतेच. पण नात्याच्या माणसाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

कापलेली अक्षरे

मोठी फाइल एका घासात गिळता येत नाही. प्रोग्रॅम तिचे तुकडे करून वाचतात. माझे तुकडे ६५,५३६ बाइटांचे होते. या संख्येला ३ ने भागा : २१,८४५ अक्षरे आणि बाकी एक. म्हणजे निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी एका अक्षराचा म्होरक्या एकटा उरतो आणि त्याचे दोन साथीदार पुढच्या तुकड्यात जातात. मध्ये एकेका बाइटच्या मोकळ्या जागा येतात, त्यामुळे नेमका हिशेब बदलतो, पण कधी ना कधी अक्षर कापले जातेच. मी प्रत्येक तुकडा स्वतंत्र मजकूर म्हणून वाचत होतो. परिणाम : दर काही पानांनी एक अक्षर गायब आणि तिथे प्रश्नचिन्हे.

उपाय असा, की तुकड्याच्या शेवटी अपुरा जथा राहिला तर तो शिल्लक ठेवायचा आणि पुढच्या तुकड्याच्या तोंडाला जोडायचा. ब्राउझरमधल्या वाचकाला ‘अजून येणार आहे’ असे बजावले की तो हे आपणहून करतो. लहान फाइलीवर तपासून पाहणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. माझी पहिली दहा ओव्यांची चाचणी निर्दोष उतरली होती.

फाँटची गुप्त लिपी

काकांच्या फाइली मात्र यूटीएफ-८ मध्ये नव्हत्या, आणि इस्कीतही नव्हत्या. १९९०च्या दशकात डीटीपीवाले निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फाँट वापरत. त्या फाँटांची युक्ती अशी होती : संगणकाला वाटे, तो रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवतो आहे, फक्त त्या अक्षरांची चित्रे बदलून तिथे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार. कुठल्या जागी कुठला तुकडा, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. फाँट हरवला की किल्ली हरवली. महाडच्या त्या दुकानातला संगणक पुरातच गेला होता, आणि टाइप करणाऱ्याला फाँटचे नाव आठवत नव्हते.

मग बाइट मोजायला बसलो. प्रोग्रॅमने संपूर्ण फाइल वाचून २५६ खणांत टिपून ठेवले, कुठला आकडा किती वेळा आला. सर्वांत जास्त ३२, म्हणजे मोकळी जागा. त्यानंतर जो आकडा आला तो काना असणार असा अंदाज केला. मराठी मजकूर समोर धरून मोजा, काना भरभरून येतो. सुदैवाने काकांनी एका नातेवाइकाला पाठवलेल्या पत्रासोबत एक छापील पान सापडले. ते पान आणि फाइलमधला तोच भाग शेजारी ठेवून एकेक खण भरत गेलो.

तक्ता पूर्ण झाला तरी काम संपत नाही. जुने फाँट डोळ्याच्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘दिवा’ लिहिताना जुन्या फाइलीत आधी वेलांटी आणि मग द. युनिकोडात आधी द. रफार याउलट : जुन्या फाइलीत तो पुढच्या अक्षराच्या आणि त्याच्या कान्याच्याही नंतर येतो, युनिकोडात अक्षराच्या आधी. म्हणून एकेक बाइट वाचून लगेच बदलून टाकता येत नाही. वेलांटी हातात धरून पुढचे अक्षर येईपर्यंत थांबावे लागते, आणि रफार आला की मागे जाऊन त्याची जागा शोधावी लागते.

आत्याची हरकत

ओव्या वाचता येऊ लागल्या तेव्हा मी नात्याला गेलो आणि आत्याला वाचून दाखवू लागलो. काकांनी ज्या बायकांकडून ओव्या घेतल्या त्यांतली एक तीच. डोळे गेले आहेत, पण कान शाबूत. एका ओवीत लेक माहेरी निघते आणि वाटेत काय काय ओलांडते ते येते. मी वाचले, ‘दर्या’.

“दर्या कुठला आला?” आत्या म्हणाली. “दऱ्या म्हण, दऱ्या. माहेर काय बोटीनं जायचं?”

मी म्हटले, “आत्या, फाइलीत तसंच आहे.”

“फाइल दळायला बसली होती का माझ्याशेजारी?”

मला हसू आले, पण रात्री झोप लागली नाही. कारण ‘दर्या’ अशक्य नव्हता. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने महाडापर्यंत गलबते येत असत. मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या ओव्यांत दर्या येतोच. अर्थावरून निवाडा करता येत नव्हता. साक्षीदार एकच होता : मूळ बाइट. तो मी जपून ठेवला होता.

उघडून पाहिले. द, मग एक खास खण, मग य, मग काना. रफार नव्हताच. तो खास खण म्हणजे दऱ्यातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. माझ्या तक्त्यात मी त्याच्यासमोर ‘र आणि हलन्त’ लिहिले होते. अर्धा र म्हणजे र आणि हलन्त, तर्काने यात चूक काय? पण युनिकोडात र आणि हलन्तापुढे य आला की त्याचा रफार होतो, म्हणजे ‘र्य’. पापणीचा र हवा तर त्यासाठी वेगळे अक्षर आहे, मुळात द्रविडी भाषांतला कठोर र लिहिण्यासाठी असलेले. त्याला हलन्त जोडला की आपला ऱ्य उमटतो.

दोन्ही शब्दांचे बाइट मी खाली खाली लिहिले. प्रत्येकी पंधरा. चौदा तंतोतंत सारखे. एकच वेगळा, तोही एकाच अंकाने : ‘दर्या’त १७६, ‘दऱ्या’त १७७. आठ बिटांतला शेवटचा एक बिट बदलला की सह्याद्रीच्या घळीत समुद्राचे पाणी शिरते. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला फरक मराठी शिक्षक वर्गात गमतीने सांगतात. माझ्या प्रोग्रॅमने सगळ्या आचाऱ्यांना मुकाट्याने आचार्य करून ठेवले होते, आणि कुठेही एक प्रश्नचिन्ह उमटले नव्हते. काळे प्रश्नचिन्ह निदान ओरडते. ही चूक शुद्ध मराठीत झाली होती.

तक्ता सुधारला, मूळ बाइटांवरून सगळे पुन्हा चालवले, आणि सगळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकेक करून तपासले. मुंबईच्या ओव्यांत मूळ फाइलीतही रफारच होता. आत्याही म्हणाली, “तिथं दर्याच.” एका ठिकाणी मात्र फाइलीत स्पष्ट रफार आहे आणि आत्या ठामपणे दऱ्या म्हणते. टाइप करणाऱ्याची चूक असेल, काकांच्या वहीतली असेल, किंवा दुसऱ्या वाडीतल्या बाईने तसेच म्हटले असेल. वही आता नाही. बाइट खरा बोलतो, पण तो बोलतो टाइप करणाऱ्याच्या बोटांविषयी; जात्यावर काय म्हटले गेले ते त्याला माहीत नसते.

तिथे मी फाइलीतला शब्द तसाच ठेवला आहे आणि खाली तळटीप दिली आहे : ‘आत्या दऱ्या म्हणते.’ पान आता चालू आहे. कोणी फाइल चढवली की ती आधी जशीच्या तशी साठवली जाते, मग वाचली जाते, आणि शेवटी शक्य असेल तर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवली जाते. ही तिसरी पायरी प्रोग्रॅममध्ये लिहिता आलेली नाही. तिच्यासाठी दर महिन्याला नात्याची एसटी धरतो.